सात वर्षांची लॅब रात्री घरात शू करायला लागली आहे, सुरुवात कुठून करू?

निशिगंध

लॅब्राडॉर मादी, वय 7 वर्षं, वजन 31 किलो. दीड वर्षाची असताना नसबंदी झाली आहे. पिल्लू होती तेव्हापासून शू-शी बाहेरच करते. गेल्या तीन आठवड्यांत मात्र आठवड्यातून चार-पाच रात्री हॉलमध्ये शू सापडते आहे आणि दोनदा शीसुद्धा सापडली. दिवसा काही त्रास नाही.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, हॉलमध्ये व्हिट्रिफाइड फरशी. चेरी हॉलमध्ये तिच्या गादीवर झोपते, आमच्या खोलीचं दार बंद असतं. फिरायला सकाळी साडेसहा, दुपारी दोन आणि रात्री साडेनऊ. जेवण सकाळी आठला भात-चिकन आणि रात्री दहाला, आमच्याबरोबरच, दूध-पोळी.

आतापर्यंत केलेले उपाय: जागा रोज फिनेलने पुसते. दोनदा जागेवर नेऊन रागावले, पण ती सोफ्यामागे जाऊन बसली. पाण्याचं भांडं रात्री आठला उचलून ठेवलं, तर बाथरूममधल्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायली. हे वयामुळे आहे का? पिंजरा आणून पुन्हा शिकवावं लागेल का?

---

पाऊलखुणा

पिंजरा आज आणू नका, आणि पाण्याचं भांडं आत्ताच जागेवर ठेवा. तुमच्या सगळ्या लिखाणात महत्त्वाचं वाक्य बादलीचं आहे. निरोगी कुत्रीचं भांडं दोन तास उचललं तर ती झोपते, बादली शोधत नाही. तिला खरोखर तहान लागते आहे. शरीर जास्त लघवी बाहेर टाकत असेल तर ती भरून काढायला पाणी लागतंच. अशा वेळी पाणी बंद केलं तर शू थांबत नाही, फक्त शरीर कोरडं पडतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एका रात्रीतही नुकसान होऊ शकतं.

सात वर्षं स्वच्छ राहिलेली कुत्री शिकवलेलं विसरत नाही. म्हणून आधी थारोळं नीट बघा.

गादीवरच, ती झोपलेली असते तिथेच, ओला डाग पडतो आणि मागचे पाय किंवा शेपटीखालचे केस ओले असतात का? तसं असेल तर झोपेत गळती होते, तिला कळतही नाही. नसबंदी झालेल्या मोठ्या जातींच्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाची पकड सैल पडून हे होतं आणि त्यावर रोजची औषधं आहेत.

दाराजवळ किंवा बाल्कनीच्या दारापाशी मोठं थारोळं असेल तर ती जागी झाली, बाहेर जायचा प्रयत्न केला, आणि कुणी उठलं नाही. मूत्राशय भरतंय, त्यामुळे प्रश्न प्रमाणाचा आहे.

थोडी थोडी, चार-पाच ठिकाणी असेल तर आधी मूत्राशयाचा संसर्ग किंवा खडा डोक्यात ठेवायचा. नर असेल, भिंतीला किंवा सोफ्याच्या पायाला धार असेल, तर ते हद्द आखणं.

आता पाणी मोजा. बाथरूमचं दार बंद, बादल्या झाकलेल्या, कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या. सकाळी सातला मापाने दोन लिटर भांड्यात घाला, संपत आलं की पुन्हा मोजून घाला, दुसऱ्या दिवशी सातला उरलेलं वजा करा. दूध आणि चिकनचं पाणीही धरा. सलग दोन दिवस मोजा, कारण एका दिवसाच्या आकड्यावर ऊन-पावसाचा परिणाम असतो. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 40 ते 60 मिली पाणी लागतं. म्हणजे 31 किलोला सव्वा लिटर ते एक लिटर नऊशेपर्यंत. किलोमागे 100 च्या वर, तुमच्याकडे 3.1 लिटरच्या वर गेलं, की तो आजाराचा किंवा औषधाचा परिणाम धरूनच तपासायचं. भात-चिकनसारखं ओलं जेवण असलेली कुत्री भांड्यातलं पाणी कमीच पिते, त्यामुळे तुमच्याकडे 2.5 लिटर आलं तरी मी दुर्लक्ष करणार नाही.

सकाळची पहिली लघवीही घ्या. मेडिकलमधून निर्जंतुक डबी आणा. धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेला लांब दांड्याचा स्टीलचा डाव बरोबर न्या. ती बसली की सुरुवातीची धार जाऊ द्या, मग मागून डाव सरकवा. समोरून गेलात तर ती उठेल. दोन-तीन चमचे पुरतात. तासाभरात प्रयोगशाळेत पोचवणं जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. तपासणीत घनता, साखर, प्रथिनं आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी सांगायच्या.

आणि गेल्या महिन्या-दीड महिन्यात कुठलंही नवीन औषध सुरू झालंय का? कानाचे थेंब आणि त्वचेचं मलमसुद्धा सांगा.

---

गोदाकाठ

वरच्याला एक जोड. काही गोष्टींत मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: जोर करूनही थेंब येत नाही (नरांमध्ये विशेष धोका), लघवीत रक्त, किंवा नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन महिना-दोन महिने झालेत आणि ती खूप पाणी पिते, सुस्त आहे, उलट्या करते. शेवटच्या प्रकारात गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि स्राव बाहेर दिसलाच पाहिजे असं नाही. चेरीला हा धोका जवळजवळ नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

पावसाळ्यात लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंचा आजार) लक्षात ठेवा. त्यातही तहान आणि लघवी वाढते, आणि कुत्र्याच्या लघवीतून तो माणसाला होतो. रिपोर्ट येईपर्यंत शू पुसताना हातमोजे घाला, हाताला-पायाला जखम असेल तर दुसऱ्याला पुसू द्या. लेप्टोची लस दर वर्षी द्यावी लागते, कार्ड काढून तारीख बघा.

---

निशिगंध

दोन दिवस मोजलं. पहिल्या दिवशी 3 लिटर 400 मिली, दुसऱ्या दिवशी 3 लिटर 250. दूध त्यात धरलं आहे. मला कल्पनाच नव्हती, कारण भांडं घरातलं जो तो भरत होता.

थारोळं दर वेळी बाल्कनीच्या दारापाशी आहे, दोन फूट तरी पसरलेलं. गादी कोरडी आहे.

औषध: पाऊस सुरू झाल्यापासून पोटाला आणि काखेत खाज होती, त्यासाठी गोळ्या चालू आहेत, सकाळ-संध्याकाळ एक. पाकिटावर प्रेडनिसोलोन लिहिलंय. आज चोवीसावा दिवस. मूळ चिठ्ठी सात दिवसांची होती, खाज परत आली म्हणून आम्हीच पुढे चालू ठेवल्या. भूक प्रचंड वाढली आहे, त्यामुळे रात्रीची पोळी दोनाच्या चार झाल्या.

---

पाऊलखुणा

मग मुख्य कारण बहुतेक हातात आलं. प्रेडनिसोलोन स्टेरॉइड आहे. त्यामुळे लघवी घट्ट करायचं मूत्रपिंडाचं काम ढिलं पडतं, लघवी पातळ आणि भरपूर होते, पाठोपाठ तहान. भूकही त्यानेच वाढते. संध्याकाळी गोळी दिली की त्याचा जोर नेमका रात्री पडतो.

गोळी आज एकदम बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी ते बनवणं कमी करतात. अचानक थांबवलं तर उलट्या, अशक्तपणा, क्वचित कोसळण्यापर्यंत जाऊ शकतं. मात्रा उतरवत आणावी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. त्यांना फोन करून तीन गोष्टी न लपवता सांगा: किती दिवस झाले, पाणी किती पिते, रात्री काय होतं. आणि हे विचारा:

एक, दिवसाची मात्रा सकाळच्या जेवणाबरोबर एकदाच देता येईल का, आणि उतरवण्याचं वेळापत्रक काय.

दोन, खाजेसाठी स्टेरॉइड नसलेलं औषध चालेल का. ऑक्लासिटिनिबने तहान अशी वाढत नाही. पण आधी त्वचेचा खरवड नमुना तपासा. पावसाळ्यात पोट-काखेत बुरशी किंवा जंतूंचा संसर्ग असेल तर मूळ उपचार वेगळाच आहे, आणि स्टेरॉइडने तो झाकला जाऊन वाढतो.

तीन, लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी. स्टेरॉइडवर असलेल्या कुत्र्याला मूत्राशयाचा संसर्ग सहज होतो, आणि सूज दबलेली असल्यामुळे जळजळ दिसत नाही, कधी पस सेल्सही (पुवाच्या पेशी) वाढलेल्या दिसत नाहीत. कल्चरसाठी डावातली लघवी चालत नाही, डॉक्टर पोटातून सुईने घेतात. दिसायला भीतीदायक आहे, पण एक इंजेक्शन घ्यावं इतकाच वेळ लागतो. त्याच फेरीत रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) बघून घ्या. सात वर्षांची, वजनदार लॅब आहे. स्टेरॉइडवर सगळं ढकलून मधुमेह नजरेतून सुटायला नको.

घरातली जुनी वेदनाशामक गोळी या काळात अजिबात देऊ नका. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला तसंही घातक, स्टेरॉइडबरोबर तर पोटात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो.

---

शहाबादी

फिनेलबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं.

फिनेलने वास जात नाही, आपल्या नाकापुरता झाकला जातो. कुत्रीला खालचा वास येतच राहतो आणि तीच जागा पुन्हा निवडली जाते. काळं फिनेल तर फिनॉलवर्गीय असतं. फरशीवरून पायाला लागतं, पाय चाटले जातात, पोटात जातं. पांढरं त्या मानाने सौम्य, पण आपल्या कामाचं तेही नाही.

लघवीत युरिया असतो, तो पाण्याने निघतो. युरिक आम्ल मात्र पाण्यात फारसं विरघळत नाही, त्याचे बारीक खडे फरशीच्या सांध्यांतल्या सिमेंटमध्ये राहतात. हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. उन्हाळ्यात गेलेला वास जुलैत परत येतो तो त्यामुळेच. व्हिट्रिफाइड फरशी स्वतः काही शोषत नाही, शोषतात ते सांधे, भिंतीकडची पट्टी आणि बाल्कनीच्या दाराची खालची चौकट. तुमचं थारोळं नेमकं तिथे आहे.

ओलं असताना जुनी सुती फडकी किंवा वर्तमानपत्र दाबून टिपून घ्या. मॉप फिरवू नका, थारोळं खोलीभर जातं. मग साध्या गार पाण्याने दोनदा टिपा. गरम पाणी आणि वाफेचं यंत्र नको, लघवीतली प्रथिनं त्याने घट्ट बसतात. तुमच्याकडे फिनेलचे थर आहेत, त्यामुळे पहिल्यांदा साध्या पाण्याने तीन वेळा धुऊन काढा, नाहीतर पुढचं एन्झाइम (वासाचे घटक फोडणारं द्रव) तिथे निकामी होईल.

आता पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइम क्लीनर. इथे सगळे एकच चूक करतात: फवारतात आणि लगेच पुसतात. एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं. सांधे भिजतील इतकं ओता, वरून ओलं फडकं पसरा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी उघडून अंथरा, पंखा बंद. फरशीला किमान पंधरा मिनिटं, जुन्या जागेला तासभर. मग टिपून वाऱ्यावर वाळू द्या. दाराच्या चौकटीच्या खाचेत ते ड्रॉपरने सोडा.

घरी केलेलं बायोएन्झाइम (गूळ 1, लिंबू-संत्र्याच्या साली 3, पाणी 10, तीन महिने मुरवलेलं) बरेच जण वापरतात. त्याचा उपयोग मुख्यतः आम्लाचा आहे. अमोनियाचा वास मारायला चांगलं, पण युरिक आम्ल ते फोडेल असं धरून चालू नका. आणि ते किंवा व्हिनेगर संगमरवर, शहाबादी, कडप्पा, कोटा यांवर कधीही नको. हे चुन्याचे दगड आहेत, आम्लाने चकाकी जाऊन पांढरे चट्टे उठतात. ब्लीचही लघवीवर ओतू नका, अमोनियाशी मिसळून घशाला आणि फुप्फुसांना झोंबणारा वायू निघतो.

जुन्या जागा शोधायला रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च जमिनीलगत तिरका धरा. लघवी फिकट पिवळट-हिरवी चमकते. साबणाची पावडरही चमकते, म्हणून चमकलं तिथे वाकून वास घ्या. सोफ्याचे पाय आणि पडद्याची खालची कड विसरू नका.

गादी कोरडी आहे तोवरच तिच्यावर बाळाच्या दुपट्याखाली घालतात ती रबरी शीट घाला आणि वर जाड सुती चादर. फोममध्ये एकदा मुरलं की ते काढणं फार कठीण.

---

रानवाट

औषधाची मात्रा उतरेपर्यंत दोन-तीन आठवडे जातील. तोवर रात्र निभावायची, आणि दारापाशी शू करायची सवय पक्की होऊ द्यायची नाही. दोन्ही एकाच पद्धतीने होतं.

जेवण आणि फेरी उलटी करा. आत्ता साडेनऊला फेरी आणि दहाला चार पोळ्या-दूध, म्हणजे भरलेल्या पोटाने झोपायचं आणि पहाटे शी. संध्याकाळचं जेवण सातला संपवा. दूध बंद, वयाने मोठ्या कुत्र्यांना बहुतेक ते नीट पचत नाही, शी पातळ होते आणि धरून ठेवता येत नाही. भूक औषधाची आहे, पोळ्या वाढवून ती भागणार नाही. दोनच पोळ्या ठेवा आणि वर वाटीभर उकडलेला लाल भोपळा किंवा फरसबी घाला.

शेवटची फेरी पावणेअकरा-अकराला. एकदा शू केली की लगेच वर आणू नका. बरेच कुत्रे पहिल्या वेळी मूत्राशय पूर्ण रिकामं करत नाहीत. सात-आठ मिनिटं फिरवून त्याच गवताशी परत न्या आणि दुसऱ्यांदा बसेपर्यंत थांबा. मुसळधार पावसात कुत्री तशीच परत येते आणि आपण "नेऊन आणलं" म्हणून निर्धास्त झोपतो. पार्किंगच्या कडेला, पत्र्याखाली मातीचा तुकडा असेल तर दिवसाच ती जागा तिच्या ओळखीची करून ठेवा.

मग गजर. जुना मोबाइल हॉलमध्ये रेकॉर्डिंगला लावून शू किती वाजता होते ते दोन रात्री बघा. समजा साडेतीन. गजर पावणेतीनला. ती उठवायच्या आधी तुम्ही उठायचं हा यातला मुद्दा आहे. पट्टा लावून थेट खाली, रोजची तीच जागा, एकच शब्द, "शू कर". गप्पा नाहीत, खेळ नाही. शू संपली त्या क्षणी, तिथेच, हातातला चिकनचा तुकडा. वर आल्यावर दिलेला तुकडा तिच्या दृष्टीने लिफ्टमध्ये बसल्याचं बक्षीस असतो. सलग पाच रात्री कोरड्या गेल्या की गजर वीस मिनिटं पुढे, पण गोळीची मात्रा कमी झाल्यावरच. एक रात्र बिघडली तर मागच्या वेळेवर या.

खोलीचं दार उघडं ठेवा किंवा तिची गादी तुमच्या पलंगाशी आणा. तिच्या पट्ट्याला एक घुंगरू बांधा. कुत्री शू लागल्यावर आधी येरझाऱ्या घालते, दारापाशी जाते, परत येते. फरशीवरून पंजांचा आवाज झोपेत कळत नाही, घुंगराचा कळतो. चेरी तीन आठवडे बाल्कनीच्या दारापाशी उभी राहून सांगतेच आहे.

पिंजऱ्याचं: इतकी लघवी होणाऱ्या कुत्रीला कोंडलं तर ती स्वतःच्या अंथरुणात बसेल. ज्या सवयीवर पिंजऱ्याचं सगळं शिक्षण उभं आहे, तीच मोडते.

आणि रागावणं थांबवा. सकाळी सापडलेल्या शूचा आणि तुमच्या आवाजाचा संबंध तिला लागत नाही. तिला एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ती बाहेरही तुमच्यासमोर बसत नाही आणि घरात सोफ्यामागची जागा शोधते. डोळ्यांदेखत बसलीच तर "चल, चल" म्हणत पट्टा उचला आणि खाली न्या.

---

वसईकर

याच धाग्यात विचारतो. चार वर्षांचा देशी नर, दोन महिन्यांपूर्वी निवारा केंद्रातून दत्तक घेतला. पाणी मोजलं, बरोबर आहे. शीची तपासणी स्वच्छ, जंतांचं औषध दिलंय. दिवसभर धरतो, बाहेर तासभर फिरतो, घरी येऊन रात्री स्वयंपाकघरात फरशीवर शी करतो.

---

रानवाट

दादा, निवाऱ्यात सिमेंटच्या कोब्यावर राहिलेला कुत्रा ना? त्याच्या पायाला जे लागायचं तेच त्याचं संडास. शी कुठे करायची हे कुत्र्यांना जागेपेक्षा पायाखालच्या स्पर्शावरून जास्त कळतं, आणि तुमची फरशी कोब्यासारखीच गार आणि टणक आहे. तो तुमच्याकडे बरोबर वागतोय, फक्त जुन्या नियमाने.

स्वयंपाकघर रात्री बंद. झोपायच्या भागात सतरंज्या किंवा गोणपाट अंथरा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. बाहेर आधी सिमेंटच्या कडेला न्या, तिथे करायला लागला की बक्षीस. आठवड्याने तिथेच मूठभर माती पसरा, मग थर वाढवा, मग शेजारच्या मातीत. त्याची थोडी शी नव्या जागी नेऊन ठेवा, म्हणजे वास ओळखीचा राहतो. एकदम गवतात नेऊन तासभर फिरवलं की तो फक्त वास घेतो आणि धरून ठेवतो. शी होईपर्यंत फेरी कंटाळवाणी ठेवा, एकाच दहा फुटांत उभे राहा; झाल्यावर मोठा फेरफटका. उलट केलं की शी झाल्याझाल्या घरी जावं लागतं हे तो शिकतो आणि लांबवतो.

---

निशिगंध

आजची स्थिती. लघवीची घनता 1.010, साखर नाही, पस सेल्स 2-3. रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन ठीक. कल्चर पाठवलंय, चार दिवस लागतील. त्वचेच्या नमुन्यात बुरशी निघाली. औषधी शांपू आठवड्यातून दोनदा आणि वेगळी गोळी. प्रेडनिसोलोन आता सकाळी एकदाच, पाच दिवसांनी अर्धी, मग एक दिवसाआड.

रेकॉर्डिंगमध्ये ती 3:10 ला उठते, आमच्या दारापाशी दोन मिनिटं उभी राहते, मग बाल्कनीकडे जाते. दोन मिनिटं उभी असते हे बघून फार वाईट वाटलं. दार आता उघडं आहे, घुंगरू लावलंय, गजर अडीचला. शांपू किती वेळ ठेवायचा?

---

पाऊलखुणा

फेस अंगावर दहा मिनिटं, घड्याळ लावून. काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत आधी चोळा. चाटू देऊ नका, त्या दहा मिनिटांत पट्टा हातात धरून बसा. मग भरपूर पाण्याने काढा आणि बेचक्या टॉवेलने पूर्ण कोरड्या करा. पावसात अडीचच्या फेरीनंतरही पाय पुसूनच झोपवा, नाहीतर बुरशी जाणार नाही. पाणी दर तिसऱ्या दिवशी मोजत राहा. मात्रा एक दिवसाआड झाल्यावर दहा दिवसांत आकडा दोन लिटरच्या आत आला नाही, किंवा कल्चरमध्ये जंतू निघाले, तर रिपोर्ट इथे टाका.